रूट कॅनालनंतर दाढ ठणकते तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातले आमचे मराठी पेशंट दिवसभर हिंदीत बोलतात, पण कळ आली की तोंडातून 'आई गं'च निघतं. हे पान त्यांच्यासाठी लिहिलं आहे. रामबागेतल्या आजी, सुदामा नगरातले नोकरदार, परीक्षा तोंडावर आलेली मुलं, सगळे रूट कॅनाल झाल्यावर दुसऱ्या दिवशी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, कारण तुमची दाढ त्यांनी आतून पाहिलेली आहे.

डॉक्टर, नसच काढून टाकली ना? मग दुखतंय काय?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. दाढेच्या आत जिला आपण 'नस' म्हणतो ती खरं तर नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा असतो. रूट कॅनालमध्ये तो निघून जातो, म्हणून गार पाण्याची सणक लगेच थांबते. पण दाढ हाडात सिमेंटने बसवलेली नसते. मुळाभोवती जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं एक अस्तर असतं आणि त्याच्या धाग्यांवर दाढ हाडात टांगलेली असते. या अस्तराला स्वतःच्या नसा आहेत आणि त्या आम्ही काढत नाही, काढूही नयेत. घास कडक आहे की मऊ, हे त्याच सांगतात.

आता उपचाराच्या वेळचं बघा. मुळाच्या टोकाशी आधीपासून संसर्ग असतो. त्यात आम्ही बारीक सुयांसारख्या फाइल्सनी मुळातल्या नळ्या घासतो, औषधाचं पाणी सोडून धुतो. कितीही जपून केलं तरी टोकापाशी थोडा कचरा, थोडं औषध पोचतं आणि ते अस्तर सुजतं. सुजलं की दाढ केसभर वर उचलली जाते. म्हणूनच बरेच जण सांगतात, 'दाढ उंच झाल्यासारखी वाटते.' तो तुमचा भास नसतो.

किती दिवस दुखलं तर ठीक, आणि कधी घाबरायचं?

पहिले २४ ते ४८ तास सगळ्यात जास्त. तिसऱ्या दिवसापासून उतार पडायला हवा. चावताना थोडं लागणं, बोटाने टिचकी मारली की जाणवणं, हे आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही चालतं.

२०११मध्ये रूट कॅनालच्या दुखण्यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात उपचाराआधी १००पैकी ८१ जणांना दुखत होतं, उपचारानंतर २४ तासांनी ४० जणांना, आणि आठवड्याने ११ जणांना. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुखणारे तुम्ही एकटे नाही, आणि आठवड्यानंतरही थोडं दुखत असेल तर तीही फार दुर्मीळ गोष्ट नाही. उपचाराआधी ज्यांना रात्र रात्र झोप नव्हती, त्यांना नंतरही जरा जास्त त्रास होतो. मी पेशंटला दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठल्या दिशेला चाललं आहे, हे आधी विचारते. काल दहापैकी सात होतं आणि आज पाच आहे, तर मला काळजी नाही. काल तीन होतं आणि आज सहा झालं, तर मला आजच कळायला हवं.

गोळी दुखायला लागल्यावर घ्यायची की आधीच?

पहिली गोळी सुन्नपणा उतरायच्या आत घ्या. खालच्या जबड्याच्या इंजेक्शनची बधिरता तीन-चार तास टिकते. ती पूर्ण उतरून ठणका सुरू झाला, मग गोळी घेतली, तर गोळीला चढायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तो वेळ फार वाईट जातो. घरी गेल्यावर दूध, मऊ भात, काहीतरी पोटात टाका आणि गोळी घ्या. पुढचे दोन दिवस घड्याळ लावून, डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेला. 'फारच दुखलं तर घेईन' असं म्हणत बसू नका. सोसण्यात कसलाही मोठेपणा नाही.

कुठली गोळी, याचं साधं उत्तर : पोट, मूत्रपिंड, हृदय ठीक असलेल्या मोठ्या माणसाला आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल यांची जोडी दातदुखीवर उत्तम चालते. आयब्युप्रोफेन सुजेवर काम करतं, पॅरासिटामॉल वेगळ्या वाटेने दुखणं कमी करतं, म्हणून दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा जास्त आराम देतात.

इथे एक घोळ मी नेहमी बघते. मेडिकलवाल्याकडून कॉम्बिफ्लाम आणली, घरात डोलो ६५० (म्हणजे ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल) होतीच, दोन्ही सुरू. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० सोबत पॅरासिटामॉल ३२५ आधीच असतं. दिवसातून तीनदा दोन्ही घेतल्या तर पॅरासिटामॉलचीच बेरीज २९२५ मिलिग्रॅम होते, आणि त्यात सर्दीची गोळी आली की आणखी वाढते, कारण तिच्यातही बहुधा तेच असतं. धडधाकट माणसाला २४ तासांत ४००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. वजन कमी असेल, वय झालं असेल, यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर तिच्या बऱ्याच खाली राहायचं. स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा. चष्मा लागत असेल तर नातवाला वाचायला सांगा, पण वाचा.

दुसरी गोष्ट, एकाच घराण्यातल्या दोन गोळ्या एकत्र नकोत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक ही सगळी सख्खी भावंडं आहेत. दोन घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास मात्र होतो. पाण्यात विरघळणारी केटोरोलची गोळी आपल्याकडे दातदुखीसाठी फार वापरतात. ती जोरदार आहे, पण पाच दिवसांपेक्षा जास्त कधीही नाही.

मला बीपी आहे, शुगर आहे. मीही हेच घेऊ?

नाही. आधी विचारा. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अॅस्पिरिनची अॅलर्जी, गोळीने दमा उसळणं, यांपैकी काहीही असेल तर आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका. बीपीच्या गोळीबरोबर लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर विशेष जपा, तिन्ही मिळून मूत्रपिंडावर ताण येतो. अशांना बहुधा एकटं पॅरासिटामॉल देतात. गर्भवतींनाही तेच, तेही डॉक्टरांना विचारून. २० आठवड्यांनंतर आयब्युप्रोफेन टाळतात. लहान मुलांना अॅस्पिरिन नको.

हृदयासाठी इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवणारं अॅस्पिरिन) चालू असेल तर 'दातांचं काम झालंय' म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. हे मी हात जोडून सांगते. आणि शुगर असेल तर दोन दिवस खाणं कमी झालं म्हणून शुगर घसरणार नाही ना, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावं.

पावसाळ्यात आणखी एक. रूट कॅनालनंतर अंग मोडून ताप आला आणि आजूबाजूला डेंग्यू चालू असेल, तर आयब्युप्रोफेन लगेच थांबवा आणि रक्त तपासा. ताप दाढेचाच असेल असं गृहीत धरू नका.

अँटिबायोटिक लिहून दिलं नाही. विसरलात का?

विसरले नाही, मुद्दामच दिलं नाही. अँटिबायोटिक जंतूंवर काम करतं, दुखण्यावर नाही. रूट कॅनालनंतरचं दुखणं मुख्यतः सुजेचं असतं. शिवाय नळीतली रक्तवाहिनीच काढलेली असल्यामुळे रक्तातून गेलेलं औषध दाढेच्या आत पोचतही नाही; आतली साफसफाई हातानेच करावी लागते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९मध्ये याबद्दल स्पष्ट सूचना दिल्या : उपचार लगेच होणार असेल तर दातदुखीसाठी बहुतेक निरोगी माणसांना अँटिबायोटिकची गरज नाही. ताप, पसरणारी सूज, गळ्याच्या गाठी, अशी संसर्ग अंगात पसरल्याची खूण दिसली तर मात्र लागतं, आणि तेव्हा आम्ही देतो.

मेडिकलवरून मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून अॅमॉक्सिसिलिन आणून दोन दिवस खाणं, मग बरं वाटलं की सोडणं, याने दाढेचा फायदा शून्य आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा औषध चालेनासं होतं.

बाकी ठीक आहे, पण दात दातावर टेकला की जीव जातो.

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण यावर गोळी हे उत्तरच नाही, आणि खरं उत्तर पाच मिनिटांचं असतं.

वर भरलेला कच्चा मसाला, म्हणजे तात्पुरतं फिलिंग, किंवा पक्कं फिलिंग एखाद्या ठिकाणी कणभर उंच राहतं. खुर्चीत असताना अर्धं तोंड बधिर असतं, 'नीट चावा' म्हटलं तरी पेशंटला कळत नाही की तो नीट चावतोय का. घरी गेल्यावर बधिरता उतरते आणि तोंड मिटलं की सगळ्यात आधी तीच दाढ टेकते. मुळाभोवतीचं अस्तर आधीच सुजलेलं, त्यावर दर घोटाला, दर आवंढ्याला हातोडीसारखा घाव. झोपेत दात आवळले जात असतील तर सकाळी उठल्यावर ठणका जास्त.

एक आजी आठ दिवस फक्त डाव्या बाजूने जेवत होत्या. का आल्या नाहीत विचारलं तर म्हणाल्या, 'तुला कशाला त्रास द्यायचा गं, दुखणारच म्हणून सोसलं.' मी त्यांच्या दातांमध्ये चावा तपासायचा पातळ निळा कागद धरला आणि 'टकटक करा' म्हटलं. कागद काढला तर दाढेच्या एका कोपऱ्यावर मुगाच्या दाण्याएवढा गडद निळा ठिपका, बाकीच्या दातांवर नुसती फिकट पुसट खूण. तेवढा ठिपका घासला. पुन्हा कागद, पुन्हा टकटक. तिसऱ्यांदा सगळ्या दातांवर सारखी खूण उमटली. आजींनी दात मिटले, उघडले, परत मिटले आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. त्या आठ दिवसांचं मला अजून वाईट वाटतं. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या असत्या तर दुसऱ्याच दिवशी बऱ्या झाल्या असत्या.

तेव्हा दोन्ही बाजूंनी सावकाश दात मिटून बघा. एकच दाढ आधी लागत असेल तर तसं सांगून दवाखान्यात या. याचे वेगळे पैसे कुणी मागू नयेत, निदान आम्ही मागत नाही.

बर्फ लावायचा की शेक द्यायचा?

पहिल्या दिवशी बर्फ. पंच्यात गुंडाळून गालावरून १० ते १५ मिनिटं, मग तेवढाच वेळ सुट्टी. बर्फ थेट कातडीवर नको. आपल्या घरांत सूज दिसली की तवा तापवून फडक्याचा शेक देण्याची पद्धत आहे. संसर्गाची सूज असेल तर तो शेक नको, सूज वाढू शकते.

कोमट पाण्याच्या गुळण्या करा, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. दिवसातून तीन-चार वेळा, जोरजोरात नाही, नुसतं तोंडात घोळवून सोडायचं. इंजेक्शन दिलेल्या जागी हिरडी हुळहुळते, तिलाही बरं वाटतं.

लवंगेचं तेल?

नको. लवंगेतलं युजेनॉल उघड्या, जिवंत नसेला बधिर करतं म्हणून आजीच्या बटव्यात ते होतं आणि योग्यच होतं. पण आता ती नस नाही. बंद दाढेच्या वरून तेल लावून ते मुळाच्या टोकाशी पोचत नाही, हिरडी मात्र भाजते. तीच गोष्ट अॅस्पिरिनची गोळी गालात धरून ठेवण्याची : पांढरा, सोललेला गाल घेऊन माणसं येतात आणि दोन दुखणी होतात.

खायचं काय? सकाळचे पोहे चालतील?

बधिरता पूर्ण उतरेपर्यंत काहीही चावू नका. एक कॉलेजचा मुलगा दवाखान्यातून थेट पोहे-जिलेबी खायला गेला. दाढ छान होती, पण खालचा ओठ त्याने घासाबरोबर चावला आणि त्याला कळलंही नाही. संध्याकाळी ओठ सुपारीएवढा सुजलेला.

त्यानंतर पोहे चालतील, पण शेव न घालता. इंदुरात हे सांगणं कठीण आहे, मला माहीत आहे. मुगाची खिचडी, मेतकूट भात, गुरगुट्या भात, वरण, सार, ताक, शिरा, दलिया, सगळं चालतं, घास दुसऱ्या बाजूने. दाल-बाफल्यातली दाल घ्या, बाफला कुस्करून तुपात भिजला असेल तर चालेल. सराफ्यातला भुट्ट्याचा कीस मऊ असतो, तो थोडा निवल्यावर बिनधास्त खा. हिवाळ्यातला गराडू, कचोरी, चिक्की, चकली, खडीसाखर, आणि घरचे कडक बेसन लाडू कच्चा मसाला आहे तोवर नाही. चिकट पदार्थ मसाला उपटून काढतात, कडक पदार्थ दाढच फोडू शकतात.

गुटखा, तंबाखू, विडी-सिगारेटने जखम भरायला वेळ लागतो. निदान हे दिवस तरी बंद ठेवा.

माझा उपास आहे.

रिकाम्या पोटी आयब्युप्रोफेन नको. एकादशी-चतुर्थी असेल तर दूध, केळं, रताळ्याचा कीस खाऊन गोळी घ्या. साबुदाण्याची खिचडी मऊ असली तरी तिच्यातलं दाण्याचं कूट भरड असतं आणि मसाल्याच्या फटीत बसतं. बारीक कूट घालून करा. निर्जळी उपास मात्र या वेळी सोडा.

तोंड पूर्ण उघडत नाही. जबड्याला काही झालं का?

खालच्या दाढेसाठीचं इंजेक्शन मागे, जबड्याच्या स्नायूजवळ दिलं जातं आणि तासभर तोंड वासून बसावं लागतं. त्याने स्नायू आखडतो. आपलीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये मावतात का बघा. दोन मावत असतील आणि रोज थोडं सुधारत असेल तर कोमट गुळण्या आणि हळूहळू उघडझाप पुरते. एकच बोट मावतं आणि सोबत सूज किंवा ताप आहे, तर लगेच या.

रात्रीच का जास्त दुखतं?

आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि सुजलेल्या जागी ठणके जाणवतात. शिवाय दिवसा लक्ष दुसरीकडे असतं. दोन उशा घ्या, शेवटचा डोस झोपताना येईल असं वेळापत्रक ठेवा. झोप यावी म्हणून वर दारू घेऊ नका, गोळीबरोबर ती पोटाला आणि यकृताला घातक आहे.

कच्चा मसाला थोडा निघाला.

वरचा थर झिजला तर चालतं. पूर्ण निघाला, खड्डा लागतो, जिभेला कडा लागते, तर एक-दोन दिवसांत भरून घ्या. लाळ आत गेली की साफ केलेल्या नळीत पुन्हा जंतू जातात आणि सगळी मेहनत वाया. ब्रश मात्र त्या दाढेवरूनही करायचा, मऊ ब्रशने. न घासलेल्या हिरडीचं दुखणं वेगळंच सुरू होतं.

कोणत्या वेळी सकाळची वाट बघायची नाही?

गालाची सूज तासातासाला वाढते, डोळ्याखाली किंवा हनुवटीखाली पसरते. गिळायला त्रास होतो, लाळ गळते, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, आवाज बदलतो. श्वासाला अडथळा होतो. हुडहुडी भरून ताप येतो. अशा वेळी दाढेच्या डॉक्टरला फोन लावत बसू नका, सरळ एमवाय रुग्णालयाच्या किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. खालच्या दाढांचा संसर्ग जिभेखाली आणि गळ्यात उतरला तर श्वासनलिका दाबली जाऊ शकते. हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा एक रात्रही फार असते.

गोळी किंवा अँटिबायोटिक घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, तरीही तेच करा.

महिना झाला, अजून दुखतं. काम बिघडलं का?

बिघडलं असं लगेच म्हणता येत नाही, पण 'होईल बरं' म्हणून सोडायचंही नाही. आधी चावा तपासायचा. मग एक्स-रे. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा दुसरी, केसासारखी नळी लपलेली असते. ती राहिली तर दुखत राहतं, आणि नळ्या पुन्हा उघडून ती शोधता येते. दाढेला उभी चीर असू शकते. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनस असतो, सर्दी साठली की दाढा दुखतात. कधी झोपेत दात खाण्याने जबड्याचा स्नायू दुखतो आणि दोष दाढेला येतो. गालाला वारा लागला तरी विजेसारखी कळ येत असेल तर ते चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असू शकतं, त्यासाठी दाढ काढणं हा उपाय नाही.

दुसरं मत घ्यायला संकोच करू नका. एमवायजवळचं शासकीय दंत महाविद्यालय १९६१पासून आहे. जाताना जुने एक्स-रे सोबत न्या. कोणत्याही डॉक्टरने ते तुम्हाला नाकारू नयेत.

दुखणं थांबलं. कॅप लावलीच पाहिजे का?

मागच्या दाढेला जवळपास नेहमीच हो, आणि काही आठवड्यांत. आतून पोखरलेली दाढ चावण्याच्या दाबाने उभी फुटते, आणि चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढावीच लागते. दुखणं थांबलं की लोक येणं थांबवतात आणि सहा महिन्यांनी अर्धी दाढ कागदाच्या पुडीत घेऊन येतात.

फोन केला तर काय सांगायचं?

कोणती दाढ, कोणत्या दिवशी काम झालं. दहापैकी दुखणं काल किती आणि आज किती. आपोआप ठणकतं की चावल्यावरच. सूज आहे का, तोंडात किती बोटं मावतात. ताप मोजला असेल तर आकडा. कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, शेवटची किती वाजता घेतली. नाव आठवत नसेल तर स्ट्रिपचा फोटो पाठवा. एवढं कळलं की गोळी बदलायची, निळा कागद काढायचा की लगेच बोलवायचं, हे मला फोनवरच सांगता येतं.